ज्याला बाळंतपण म्हणायचं नव्हतं

रागनाच्या नावात मराठी कानाला राग ऐकू येतो. नॉर्वेच्या लोकांना तो ऐकू येत नाही, पण बाईशी दोन वाक्यं बोलून झाली की त्यांनाही कळतो. फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, या धक्क्यावरून त्या धक्क्यावर दिवसभर ये-जा करणाऱ्या फेरीबोटीवर ती उपाहारगृह सांभाळायची. कॉफी, सॉसेज आणि स्वेले. स्वेले म्हणजे ताकात भिजवलेल्या पिठाचं जाडसर गोड घावन, आत लोणी-साखर घालून दुमडलेलं. स्वेले गोड आणि वाढणारी तिखट, असा तो जोडीचा कारभार होता. एकदा एका बँकेतल्या साहेबाने तक्रार केली की स्वेले हल्ली लहान झालंय. रागनाने त्याच्या पोटाकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाली, “ते तेवढंच आहे. तुमच्यासमोर लहान दिसतंय.” साहेबाने दुसरं स्वेले मागवलं, पण कॉफी तो बाहेर गाडीत बसून प्यायला.

चाळिशीला टेकल्यावर ती गरोदर राहिली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि लोकांनी विचारायचंही सोडून दिलं होतं. नवरा योस्टाइन सॅमन माशांच्या शेतीवर, पाण्यातल्या पिंजऱ्यांवर कामाला होता. दिवसभर मुक्या माशांत राहून त्याच्याही बोलण्याचा मासा झाला होता. बातमी ऐकून तो “हं” म्हणाला, मग परसात जाऊन त्याने दोन वर्षं पुरतील एवढी लाकडं फोडली. त्याच्या आईने, बोर्गहिलने, विणायला घेतलं. बोर्गहिल म्हणजे गावातल्या प्रार्थनाघराचा खांब. पत्ते, दारू, नाच आणि रविवारी कपडे वाळत घालणं या चार गोष्टींशी तिचं जन्माचं वैर होतं. रागना तीन गोष्टी करायची. नाच तिला येत नव्हता.

पोट दिसू लागलं आणि ते बोटीच्या मालकीचं झालं. एरवी ही माणसं बाकावर शेजारी कोणी बसू नये म्हणून आपली पिशवी ठेवतात. पण रागनाच्या पोटाला हात लावायला त्यांना परवानगी लागेना. कोणी सांगे मुलगा, कोणी सांगे मुलगी. निवृत्त शाळामास्तर रोज एक नाव सुचवून जायचे. रागना तोंडाने सगळ्यांना हाकलायची, पण काउंटरच्या मागे एकटी असली की हात पोटावर ठेवून उभी राहायची. कोणी आलं की तोच हात फडक्याकडे जायचा.

पाच महिने होत आले तेव्हा नेहमीची सोनोग्राफी होती. पलीकडच्या तीरावरच्या शहरात, मोठ्या रुग्णालयात. तपासणारी सुईण आधी हवापाण्यावर भरभरून बोलत होती. मग एकाएकी हवापाणी संपलं. ती यंत्र फिरवत राहिली, पुन्हा त्याच जागी, पुन्हा त्याच जागी. मग “जरा डॉक्टरांना बोलावते” म्हणाली आणि जाताना रागनाच्या पायावर थोपटून गेली. ते थोपटणं रागनाला सगळ्यात आधी कळलं. पायावर उगीच कोणी थोपटत नाही.

डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, हात पुसले, खुर्ची ओढून जवळ बसले आणि मान डावीकडे कलती केली. पुढच्या काही दिवसांत रागनाला ही कलती मान इतक्या वेळा भेटली, की तिला वाटलं या रुग्णालयात नोकरीला ठेवताना मानेचीच परीक्षा घेत असावेत. डॉक्टर फार हळू आणि फार वेळ बोलले. निसर्गाच्या मार्गांबद्दल बोलले, अनिश्चिततेबद्दल बोलले, प्रत्येक कुटुंब वेगळं असतं असंही म्हणाले.

“बाळ जगेल का?” रागनाने विचारलं.

“हे बघा, या परिस्थितीत आपण असं म्हणू शकतो की...”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

डॉक्टरांची मान सरळ झाली. “नाही,” ते म्हणाले. बाळाला दोन्ही मूत्रपिंडं नव्हती. त्यामुळे गर्भजल नव्हतं, आणि गर्भजल नाही म्हणून फुप्फुसं वाढणार नव्हती. आत आहे तोवर ते हलेल. बाहेर आलं की श्वास घेऊ शकणार नाही. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत नीट सांगितलं. रागनाने नंतर योस्टाइनला म्हटलं की माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला आधी कापसातून बाहेर काढावं लागलं.

योस्टाइन तेव्हा भिंतीवरच्या चित्राकडे बघत होता. चित्रात बदकं होती.

त्या रात्री दोघांनी ठरवलं. ठरवलं म्हणजे रागना म्हणाली, “अजून चार महिने लोकांना पोटाला हात लावू द्यायचा आणि शेवटी त्याला श्वासाविना जाताना बघायचं, हे मी नाही करू शकत.” आणि योस्टाइन म्हणाला, “नको.” त्याने तिचा हात धरला आणि सोडला नाही, एवढंच बोलणं झालं. पण ठरवून भागत नव्हतं. दिवस पुढे गेले होते, तेव्हा कायद्याने गर्भपातासाठी मंडळासमोर अर्ज करायला हवा होता. मंडळ म्हणजे दोन डॉक्टर, एक टेबल आणि टेबलाच्या बरोबर मध्यावर कागदी रुमालांचा खोका. खोका रागनाच्या बाजूला दोन बोटं जास्त सरकवलेला होता. रडण्याची सोय करून ठेवलेली बघून तिचं आलेलं रडू परत गेलं.

मंडळाने विचारलं की हा निर्णय तिचा स्वतःचाच आहे ना. ती म्हणाली, निर्णय मूत्रपिंडांचा आहे, मी फक्त सही करायला आलेय. मंडळाने विचारलं, घरी आधार आहे का. तिने शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “हा आहे. बोलत नाही, पण आहे.” मंडळाने दोन्ही माना कलत्या केल्या आणि परवानगी दिली. ज्याने श्वास घ्यायचा नव्हता त्याच्यासाठी परवानगी मागायची, आणि ती मिळाली म्हणून आभार मानायचे. रागनाने आभार मानले. वळण चांगलं होतं तिचं, आईने लहानपणी लावलेलं. बाहेर आल्यावर मात्र पायऱ्यांवर बसून तिने अशा काही शिव्या दिल्या, की योस्टाइनने आजूबाजूला बघितलं.

पहिली गोळी रुग्णालयातच, नर्ससमोर घ्यायची होती. नर्सचं नाव तोन्ये. नुकतीच शिकून आलेली, गुलाबी गालांची, आवाज असा की दूध उतू जाऊ नये म्हणून जपून धरलंय.

“आता आपण ही गोळी घेऊया,” तोन्ये म्हणाली.

“तूही घेणार आहेस?”

तोन्ये गडबडली. तिला बोलण्याचं प्रशिक्षण मिळालं होतं, त्यात हे उत्तर नव्हतं. रागनाने गोळी गिळली, एकटीने. मग घरी जाऊन दोन दिवस थांबायचं आणि परत यायचं. निघताना तोन्येने माहितीपत्रक दिलं. मुखपृष्ठावर धुकं, धुक्यात एक पूल, पुलावर कोणी नाही. आत शोकाच्या पायऱ्या होत्या आणि मनातल्या भावनांना वाट करून देण्याबद्दल पुष्कळ काही होतं.

आता बोर्गहिलला सांगणं आलं. योस्टाइनचा बेत होता की आईला तूर्तास काही कळू देऊ नये, आणि तूर्तास म्हणजे आई जिवंत असेपर्यंत. रागनाने फोन उचलला आणि सरळ सांगितलं.

“याला मी होकार देऊ शकत नाही, रागना,” बोर्गहिल म्हणाली.

“मी होकार मागितला नाही. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून सांगितलं.”

“ते बरं केलंस,” बोर्गहिल म्हणाली आणि फोन ठेवला.

ज्या दिवशी परत जायचं होतं त्या दिवशी रुग्णालयाला जायचा रस्ता अर्थातच बोटीवरूनच होता. रागना आपल्याच उपाहारगृहात गिऱ्हाईक म्हणून बसली. तिच्या जागी बदलीवर आलेल्या मुलीने पैसे घ्यायचे नाकारले आणि स्वेले जाळलं. शाळामास्तर आले, आणि म्हणाले की पोट खाली उतरलेलं दिसतंय, म्हणजे मुलगीच. आज त्यांनी सुचवायला आणलेलं नाव होतं सोलवाइग. “छान आहे,” रागना म्हणाली. तिने त्यांना टोमणा मारला नाही, याचंच मास्तरांना नवल वाटलं, ते दोनदा मागे वळून बघत गेले.

रुग्णालयात कळलं की स्त्रीरोग विभागातले पलंग काटकसरीसाठी त्या आठवड्यात बंद आहेत. त्यामुळे तिची व्यवस्था प्रसूती विभागात, सगळ्यात टोकाच्या खोलीत. टोकाची म्हणून शांत, असं तोन्ये म्हणाली. त्या खोलीपर्यंत जायला लागणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना नवी बाळं होती. एक बाप कागदात गुंडाळलेल्या फुलांसारखं काहीतरी छातीशी धरून येरझाऱ्या घालत होता. त्याने रागनाच्या पोटाकडे बघून आनंदाने मान हलवली, तुमचंही लवकरच, अशी. रागनाच्या दारावर कोणीतरी कागदी फुलपाखरू चिकटवलं होतं. ते म्हणजे आत दुःख आहे, हसत येऊ नका, अशी कर्मचाऱ्यांसाठी खूण. सफाईवाल्या माणसाला ती खूण कोणी सांगितली नव्हती. तो शीळ घालत आला, लादी पुसली, आणि आज ऊन चांगलं पडलंय असं सांगून गेला. रागनाला सकाळपासून भेटलेला तो पहिला माणूस, ज्याच्यासमोर तिला काही करून दाखवावं लागलं नाही.

मग भेटी सुरू झाल्या. आधी सामाजिक कार्यकर्ती आली. ती म्हणाली, आत्ता तुमच्या मनात काय चाललंय ते मी समजू शकते. रागनाच्या मनात तेव्हा घरची चूल बंद केली का हे चाललं होतं. मग रुग्णालयाचे धर्मगुरू आले. स्वेटर घातलेले, तरुण, अत्यंत समजूतदार. देवाचं नाव घेऊ का, असं त्यांनी आधी देवाची माफी मागावी तसं विचारलं. मग पुन्हा तोन्ये. बाळाला बघायचंय का? रागना नाही म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. अनेक बायकांना नंतर वाटतं की बघायला हवं होतं, असं पत्रकात आहे. रागना पुन्हा नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “तोन्ये, मी नाही म्हटलं की तू ते कुठे ठेवतेस? कारण तुझ्यापर्यंत ते पोचत नाहीये.”

दुपारी कळा सुरू झाल्या. आधी मुकाट्याने सोसता येण्याजोग्या, मग नाही. औषधाने आणलेल्या कळांना दम नसतो, एक जाते न जाते तोच दुसरी. रागनाने घंटा वाजवली. तोन्ये आली, तिने गरम पाण्याची पिशवी आणि डोकेदुखीवर घेतात त्या दोन गोळ्या दिल्या. याहून जास्त काही द्यायचं तर डॉक्टरांना विचारावं लागेल, आणि डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत. बरं, बायकांना पाठीत ते सुन्न करणारं इंजेक्शन देतात, ते? तोन्येने मान कलती केली.

“ते प्रसूतीसाठी असतं. याला आपण प्रसूती म्हणत नाही.”

“मग काय म्हणता?”

“याला आपण... प्रक्रिया म्हणतो.”

भिंतीपलीकडे एक बाळ जन्माला येत होतं, त्याच्या आईला सुन्न करायला माणूस येऊन गेला होता. भिंतीअलीकडे प्रक्रिया होती, तिला गरम पिशवी. मनाची काळजी घ्यायला सकाळपासून तीन माणसं येऊन गेली होती. कंबरेची घ्यायला कोणी नव्हतं. योस्टाइन तिची पाठ चोळत होता, चुकीच्या जागी, पण सगळा जीव लावून. शेवटी रागनाने जे सुरू केलं ते ओरडणं नव्हतं, ती शिव्याच देत होती. मोठ्याने, स्पष्ट उच्चारात, आणि एकही पुन्हा न वापरता. मंडळ, कायदा, फुलपाखरू, धुक्यातला पूल, कोणालाच तिने वगळलं नाही.

दार उघडून एक जाडजूड, पांढऱ्या केसांची बाई आत आली. गुनवोर, विभागातली जुनी सुईण. ही खोली तिच्याकडे नव्हती, ती नुसती समोरून चालली होती.

“काय काय दिलंय हिला?” तिने विचारलं. तोन्येने सांगितलं. गुनवोरने गरम पिशवीकडे बघितलं. “ही कोणी आणली? बाहेर ठेव. आणि भूल देणाऱ्याला फोन लाव. विचारू नकोस, सांग.” मग ती पलंगाच्या काठावर बसली आणि तिने रागनाच्या पोटावर हात ठेवला, एखादं काम हातात घ्यावं तसा. “ऐक गं. कोणी काही म्हणो, हे बाळंतपण आहे. लहान आहे, पण बाळंतपणच. दुखणार, तुला खाली जोर द्यावासा वाटेल, तेव्हा द्यायचा. मी कुठे जात नाही.”

“तुमची ड्यूटी इथे नाही म्हणतात,” रागना दात आवळून म्हणाली.

“हो ना,” गुनवोर म्हणाली. “म्हणून तर मला कोणी हाक मारत नाही, निवांत आहे मी.”

भूल देणारा आला. कंबर सुन्न झाली, आणि त्यानंतर रागना त्या दिवसात पहिल्यांदा रडली. आता दुखत नव्हतं, म्हणून रडायला जागा झाली. संध्याकाळी मुलगा झाला. त्याने आवाज केला नाही. भिंतीपलीकडचं बाळ मात्र तेवढ्यात रडलं, आणि योस्टाइन दचकून आपल्या मुलाकडे बघायला लागला. ते रागनाने बघितलं. नंतर कितीतरी दिवस तिला तेच दिसत राहिलं. मुलाचा चेहरा नव्हे, नवऱ्याचा, त्या एका क्षणाचा.

गुनवोरने बाळ पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं. बघायचंय का, असं तिने विचारलं नाही. “इथेच आहे तो,” म्हणाली. “नेताना सांगेन.” आणि खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिली.

रागनाला भूक लागली होती. तिने पाव आणि ब्राऊन चीज खाल्लं, कॉफी प्यायली. मग म्हणाली, “आण त्याला.”

योस्टाइनने आणलं. हातभर सुद्धा नव्हता. वाढायला जागा नसल्यामुळे नाक चपटं झालेलं, कान खाली घडी पडलेले. कातडी इतकी पातळ की लालसर. नखं होती. पाय लांबट होते आणि दुसरं बोट अंगठ्यापेक्षा पुढे गेलेलं, अगदी योस्टाइनसारखं. योस्टाइनने ते बोट आपल्या करंगळीच्या टोकाने उचललं आणि म्हणाला, “याला बूट घ्यायला त्रास झाला असता. मला होतो.” लग्नानंतर एका दमात तो एवढं बोलला नव्हता. दोघं हसली, आणि गुनवोर चष्मा पुसतच राहिली, फार घाण झालेला असावा.

सकाळी स्वयंपाकघरातला माणूस ट्रे घेऊन आला. प्रसूती विभागातली पद्धत अशी की बाळंतिणीला पहिला नाश्ता थाटात द्यायचा. ताजा पाव, जॅम, अंडं, संत्र्याचा रस, आणि मध्यभागी राष्ट्रध्वजाचा छोटा कागदी झेंडा. या लोकांना आनंद झाला की झेंडा लागतोच, केकला, मांजराच्या वाढदिवसालाही. विभागात काल जेवढी बाळंतपणं झाली तेवढे ट्रे आले होते. आदल्या दिवशी जिला प्रक्रिया म्हणत होते, ती स्वयंपाकघराच्या हिशेबी बाळंतपण ठरली होती. “अभिनंदन,” माणूस म्हणाला आणि निघून गेला.

रागनाने झेंड्याकडे बघितलं. मग अंडं फोडलं आणि खायला लागली.

तेवढ्यात तोन्ये आली. तिने झेंडा बघितला आणि तिचे गुलाबी गाल पांढरेफटक पडले. ती बाहेर धावली. थोड्याच वेळात मुख्य परिचारिका आली, मग कालची सामाजिक कार्यकर्ती, मग अजून कोणी, सगळ्या माना एकाच कोनात. झाल्या प्रकाराबद्दल खेद, चौकशी होईल, यातून शिकायला मिळेल. तोन्ये तर हुंदके देऊन रडायला लागली. शेवटी रागनाने तिला पलंगावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला आणि अर्ध्या पावाला जॅम लावून तिच्या हातात दिला. “खा. काल दुपारी तू मला औषध दिलं नाहीस, तेव्हा रडायचं होतं. झेंड्याचं काय एवढं. तो लावणाऱ्याला निदान बाळ झालेलं कळलं.”

तोन्येने पाव खाल्ला. आणि त्यानंतर ती जे म्हणाली ते पत्रकात नव्हतं. “मला विचारायची भीती वाटली,” ती म्हणाली. “डॉक्टर ओरडतात.”

“पुढच्या वेळी त्यांना माझ्याकडे पाठव,” रागना म्हणाली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पान्हा फुटला. कोणी सांगितलं नव्हतं. अंघोळ करताना छाती दगडासारखी झाली आणि दूध वाहायला लागलं, ज्याच्यासाठी होतं तो नसताना. रागना न्हाणीत उभी राहून भिंतीला डोकं टेकून राहिली. मग रुग्णालयाला फोन केला. फोनवरच्या बाईने हळुवार आवाजात सांगितलं की हे अगदी नैसर्गिक आहे, त्यावर गोळीही असते, ती सुरुवातीलाच घेतलेली बरी, आणि सगळी माहिती पत्रकात आहे. रागनाने पत्रक पुन्हा वाचलं. धुकं होतं, पूल होता, दूध नव्हतं. तसं तिने कळवलं, तेव्हा दुसऱ्या आठवड्यात टपालाने त्याच पत्रकाची नवी प्रत आली, सोबत आपुलकीच्या चार ओळी.

दूध वाहत होतं त्याच दिवशी बोर्गहिल आली. हातात माशांच्या वड्यांचं भांडं, अंगात प्रार्थनाघराचा काळा कोट. योस्टाइन आईला बघून लाकडं फोडायला पळाला. बोर्गहिल स्वयंपाकघरात बसली, कोट न काढता. रागनाच्या झग्यावरचे ओले डाग तिने बघितले आणि काही न बोलता उठून फडकी कपाटातून काढली, घट्ट बांधायची कशी ते दाखवलं. तिचे हात गार होते. बांधून झाल्यावर ती परत बसली.

“तू केलंस ते मला पटलेलं नाही. पटणारही नाही,” ती म्हणाली. “ते सांगून टाकते, म्हणजे मध्ये राहायला नको.”

“ठीक आहे.”

“आता सांग. कोणावर गेला होता?”

इतक्या माणसांनी इतके प्रश्न विचारले होते. भावना कशा आहेत, झोप कशी आहे, आधार आहे का. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

“पाय तुमच्या घरचे,” रागना म्हणाली. “दुसरं बोट लांब.”

बोर्गहिलने खाली, स्वतःच्या लोकरी मोज्यांकडे बघितलं. “माझ्या वडिलांचं तसंच होतं,” ती म्हणाली. मग ती वडिलांबद्दल बोलत बसली, ते बर्फात कसे चालायचे, बूट कसे फाडायचे. वड्या गार होईपर्यंत ती बोलत होती. कोट अंगात होताच, शेवटी तशीच उठून गेली. त्यानंतरही तिचा विरोध कायम राहिला आणि वड्याही येत राहिल्या.

रागना बोटीवर परतली तेव्हा सगळी बोट मुकी झाली होती. बातमी तिच्या आधी पोचली होती, आणि पोटाला हात लावणाऱ्या मंडळींना आता तिच्या तोंडाकडे बघवेना. नजर खाली, स्वेले घ्यायचं, सुट्टे ठेवायचे, निघायचं. कोणी कोणी तर फियोर्ड पार करेपर्यंत गाडीतून उतरेनासे झाले. चार दिवस तिने सहन केलं. पाचव्या दिवशी शाळामास्तर काउंटरवर येऊन जमिनीकडे बघत कॉफी मागू लागले.

“मास्तर, मुलगा होता,” रागना म्हणाली, मागच्या बाकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “मूत्रपिंडं नव्हती, जगणार नव्हता, म्हणून आधीच बाळंत झाले. तुमची नावं सगळी मुलींची निघाली. आता वर बघा, नाहीतर कॉफी तुमच्या बुटात ओतेन.”

मास्तरांनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, पण कॉफी मात्र त्यांनी कपातच घेतली. मग त्यांनी विचारलं, नाव काय ठेवलं. बोर्गहिलच्या वडिलांचं, असं योस्टाइनने सुचवलं होतं, तेच. ऊले. मास्तर म्हणाले, चांगलं आहे, साधं आहे. आणि बाकावरची माणसं हळूहळू पुन्हा बोलायला लागली, हवापाण्याबद्दल आणि स्वेलेच्या आकाराबद्दल.

शरद ऋतूत रुग्णालयाने तिला बोलावलं. कर्मचाऱ्यांसाठी एक दिवसाचं शिबिर होतं आणि त्यात एका रुग्णाने आपला प्रवास उलगडून सांगायचा होता. तोन्येने तिचं नाव सुचवलं होतं. रागना गेली. आधी कोणा तज्ज्ञाने पडद्यावर शोकाची वर्तुळं दाखवली. मग तिची पाळी.

“प्रवास काय असतो ते मला माहीत आहे, मी बोटीवर काम करते,” ती म्हणाली. “तुम्ही सगळे फार चांगली माणसं आहात. इतकी चांगली की मी तुमची समजूत काढून काढून थकले. मला दुखत होतं. ते थांबवायचं औषध भिंतीपलीकडे होतं. तुम्ही दारावर फुलपाखरू लावलंत. आणि बाळ मेलं तरी दूध येतं, तेव्हा काय करायचं हे मला माझ्या सासूने शिकवलं. तिला तुम्ही इथे पगार देत नाही. झालं माझं.”

टाळ्या पडल्या, थोड्या उशिराने. मुख्य डॉक्टरांनी या मौल्यवान अनुभवाबद्दल आभार मानले आणि कॉफीची वेळ झाली. केक बरा होता, पण तिच्या मते लोण्यात हात आखडता घेतलेला. गुनवोर मागच्या रांगेत बसली होती. रागना निघताना तिने तिला मिठी मारली आणि कानात म्हणाली की पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय, त्याआधी तुझं ते औषधाचं काम करून जाते.

ते तिने केलं. आता अशा बायकांना बाकीच्या बाळंतिणींसारखंच औषध मिळतं, मागावं न लागता. रुग्णालयाने आपल्या बाजूने त्या टोकाच्या खोलीत एक सोफा घेतला. करड्या रंगाचा, बसायला चांगला आहे म्हणतात. दारावर फुलपाखरू आहेच, मोठं केलंय. पत्रकाची सुधारित आवृत्ती निघाली, तिच्यात दुधावर एक परिच्छेद आहे, शेवटून दुसऱ्या पानावर.

फेरीबोटीवर मधून मधून एखादी बाई पलीकडे जाताना काउंटरपाशी घुटमळते. कोणाकडून तरी नाव ऐकलेलं असतं. रागनाला ती ओळखू येते, कारण ती काहीच मागत नाही आणि पोटावरून कोट घट्ट ओढून घेतलेला असतो. मग रागना काउंटर बदलीच्या मुलीवर सोडते, दोन स्वेले घेते आणि तिला बाहेर डेकवर नेते. तिथे वारा एवढा असतो की मान कलती करून बोलायची सोय नाही. काय काय होईल, कुठे दुखेल, काय मागायचं, कोणाला काय ऐकवायचं, हे ती सांगते. समोरचा धक्का येईपर्यंत सांगून होतं. मग गाड्यांची दारं आपटायला लागतात आणि बाईला खाली जावं लागतं. रागना ते उरलेलं स्वेले तिच्या खिशात कोंबते, रुग्णालयाच्या जेवणाला चव नसते म्हणून.